उलट्या अक्षरांची सुलट शिकवण

एखादा शब्द कागदावर असा रेखाटावा की कागद उलटा धरला तरी तोच शब्द जसाच्या तसा वाचता यावा, हा उद्योग प्रथमदर्शनी रिकामपणचा खेळ वाटण्याजोगा आहे. इंग्रजीत अशा शब्दाकृतीला ‘ॲम्बिग्रॅम’ म्हणतात. हे नाव अमेरिकन विचारवंत डग्लस हॉफस्टॅटर यांनी १९८० च्या दशकात रूढ केले. १९८१ मध्ये स्कॉट किम यांनी अशा आकृत्यांचे ‘इन्व्हर्शन्स’ हे पुस्तकच प्रसिद्ध केले होते. पुढे जॉन लँगडन यांच्या आकृत्या डॅन ब्राऊन यांच्या २००० सालच्या ‘एंजल्स अँड डीमन्स’ या कादंबरीत अवतरल्या आणि लेखकाने आपल्या नायकाला लँगडन हेच आडनाव देऊन ते ऋण फेडले. तथापि या खेळाचे खरे मोल त्याच्या चमत्कृतीत नाही. अक्षराला अक्षरपण कशाने येते, या प्रश्नाचे जे उत्तर तो देतो, त्यात ते आहे.

निसर्गतः उलटसुलट सारखी असणारी उदाहरणे थोडी. इंग्रजी अंकांत लिहिलेले १९६१ हे साल उलटे धरले तरी १९६१ च राहते, आणि असे पुढचे साल थेट ६००९ आहे. बाकी सारे तडजोडीने साधावे लागते. प्रत्येक रेषेला दोन धन्यांची चाकरी करावी लागते. सुलट वाचताना ती एका अक्षराचा अवयव असते, उलट वाचताना दुसऱ्याचा. स्टॅनफर्डचे प्राध्यापक वॉन प्रॅट यांनी ‘सन मायक्रोसिस्टिम्स’साठी काढलेले बोधचिन्ह याचा उत्तम नमुना होय. ‘सन’ हा तीन अक्षरी इंग्रजी शब्द त्यात चारही बाजूंनी वाचता येतो, कारण एका बाजूने जे ‘यू’ आणि ‘एन’ असतात, तेच दुसऱ्या बाजूने ‘एस’चे घटक होतात. मर्यादित साधनांतून अधिकाधिक उपयोगिता मिळविणे हे अर्थशास्त्राचे सूत्र इथे शाईच्या चार रेघांत उतरलेले दिसते.

शब्द उलटविण्याची हौस मराठी मनाला परकी नाही. ‘रामाला भाला मारा’ हे वाक्य पोरे शतदा उलटे म्हणून पाहतात. सोळाव्या शतकात गोदातीरीच्या पार्थपुरात, म्हणजे आजच्या पाथरीत, होऊन गेलेल्या सूर्यदासाने सुलट वाचता रामकथा आणि उलट वाचता कृष्णकथा सांगणारे संस्कृत विलोमकाव्य रचले. हा कवी ज्योतिषी होता आणि भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’चा टीकाकारही होता, ही गोष्ट सूचक आहे. परंतु विलोमकाव्यात उलटते ती अक्षरांची ओळ. अक्षराची आकृती नव्हे. तो खेळ कानाचा आणि क्रमाचा आहे, हा डोळ्याचा आणि हाताचा.

या डोळ्याच्या खेळात देवनागरी कठीण जाते, आणि तिची अडचणच उद्बोधक आहे. शब्द फिरविला की शिरोरेषा तळाशी जाते, वरचा रफार खाली येतो, खालचा उकार डोक्यावर चढतो. न, म, स, त, प यांचा उभा दंड उजवीकडे असतो. फिरविल्यावर तो डावीकडे जातो आणि वाचकाच्या सवयीला छेद देतो. उपाय नाहीत असे नाही. रेषा वर आणि खाली अशी दुहेरी काढता येते किंवा मुळीच वगळता येते; गुजरातीने शिरोरेषा सोडली म्हणून ती वाचता येत नाही असे कोणी म्हणत नाही. एका अक्षराचा दंड पुढच्या अक्षराला उसना देता येतो. मात्र यासाठी अक्षराचा कोणता भाग अनिवार्य आणि कोणता निव्वळ परिपाठाचा, याचा निवाडा आधी करावा लागतो.

अशा आकृत्यांनी वाचनाला विलंब होतो, हा आक्षेप खरा आहे. एस. टी. स्थानकाच्या फलकावर त्यांना जागा नाही. परंतु लांबून, धावत्या गाडीतून किंवा दूरध्वनीच्या इवल्या पडद्यावर कोणते अक्षर टिकेल, हे ठरविणारे ज्ञान आणि हे ज्ञान एकच आहे. त्या ज्ञानाची बेगमी मात्र सोपी नाही. रोमन लिपीच्या २६ अक्षरांच्या उलटसुलट जोड्या, स्वतःशी होणारी जोडी धरून, ३५१ होतात. मराठीची ३४ व्यंजने बाराखडीतून चालविली तर रूपे होतात ४०८ आणि जोड्या ८३,४३६; जोडाक्षरे निराळीच. रोमनसाठी एकटा हौशी माणूस जे कोष्टक तयार करू शकतो, ते देवनागरीसाठी संस्थेचे काम ठरते.

आणि इथेच बाजारपेठ तोकडी पडते. अक्षररचनेचा खर्च ती एकाने वापरली काय किंवा कोटींनी वापरली काय, तेवढाच असतो. लाभ सर्वांचा, भार एकाचा. अशा कामात खाजगी भांडवल आखडता हात घेते, म्हणून ते सार्वजनिक जबाबदारीचे ठरते. याची जाण महाराष्ट्राला एके काळी होती. बापूराव नाईक यांचा देवनागरी मुद्राक्षरकलेवरील बृहद्ग्रंथ १९७१ मध्ये राज्याच्या भाषा संचालनालयाने काढला. संगणकावरील ‘मंगल’ अक्षरे घडविणारे र. कृ. जोशी आयुष्यभर शिकवीत राहिले. मराठी नाटकांच्या जाहिरातींतून कमल शेडगे यांनी नाटकाच्या नावालाच त्याचे व्यक्तिमत्त्व दिले. जोशी २००८ मध्ये गेले, शेडगे २०२० मध्ये.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात दर्जा दिला आणि उत्सव झाले. दर्जाबरोबर येणाऱ्या निधीतला काही वाटा अक्षरांच्या अभ्यासाला मिळावा, ही मागणी अवास्तव नव्हे. उपयोजित कला महाविद्यालयांनी आणि शाळांनीही विद्यार्थ्याला स्वतःचे नाव उलटसुलट वाचता येईल असे रेखाटण्याचा पाठ द्यावा. त्याला कागद आणि पेन्सिल यांपलीकडे खर्च नाही. दहांतले नऊ फसतील. पण फसताना प्रत्येकाला आपल्या लिपीकडे प्रथमच निरखून पाहावे लागेल, आणि ज्या लिपीकडे तिचे वाचक निरखून पाहात नाहीत, तिची अक्षरे घडविण्याचे काम परक्यांच्या हाती गेल्यास तक्रारीला जागा उरत नाही.