आधी सा, मग अंतर

स्वरांतरं ओळखायची सोपी युक्ती म्हणून हल्ली एक सल्ला सर्रास दिला जातो: प्रत्येक अंतराला एकेक गाणं बांधून टाका. गाण्याचे पहिले दोन स्वर आठवले, की अंतर ओळखलंच. मोबाइलमधलं अ‍ॅप हेच घोकून घेतं. दोन स्वर वाजतात, चार उत्तरांपैकी एक दाबायचं, बरोबर आलं की हिरवी खूण. भोकरदन तालुक्यातल्या आमच्या हसनाबादेत गाण्याचा गुरू आणायचा कुठून, त्यापेक्षा हे काय वाईट, असंही वर ऐकवतात.

वाईट नाही. पण त्यातून गाणं ओळखता येतं, स्वर नाही.

सा-ग आणि प-नी ही दोन्ही अंतरं सारखीच. अ‍ॅप दोन्हींना एकच उत्तर मागतं. मागे षड्ज चालू ठेवून हेच गाऊन बघा. गंधारावर गळा निवांत थांबतो. निषादावर थांबवत नाही, वरचा सा ओढून घेतो. आता भूपाचे पाच स्वर घ्या, त्यांना हात लावू नका, फक्त गंधाराला सा माना. मालकंस उभा राहतो. पंचमाला सा मानलं तर दुर्गा. स्वरांमधलं एकही अंतर हललेलं नसतं, हललेला असतो फक्त सा. राग मात्र पार पालटतो. मग नुसती अंतरं पाठ करून कानाच्या पदरात काय पडलं?

यावर प्रतिपक्षाचा एक मुद्दा खरा आहे. अंतराची पारख हवीच. भरतमुनींनी संवादी स्वर सांगितले ते नऊ आणि तेरा श्रुतींच्या अंतरानेच. तानपुऱ्याचा पंचम जुळवणारा माणूसही अंतरच ऐकत असतो. पण तो सा ऐकून पंचमाकडे जातो. भांडण एवढ्या क्रमापुरतंच आहे.

आणि गुरू नाही म्हणता, तर सप्ताहाच्या मांडवात जाऊन बसा. कीर्तन उभं राहण्याआधी पखवाजवाला डाव्या तोंडाला कणीक थापतो, मग उजवीकडच्या गठ्ठ्यावर हातोडीने एक हलका ठोका देतो, बोटाने वाजवतो, मान हलवतो, पुन्हा ठोका. पेटीवाला तोवर एकच पट्टी दाबून बसलेला. दोन आवाज एक झाले की हातोडी खाली. याला कुणी स्वरज्ञान म्हणत नाही! पुढचे दोन तास उजव्या हाताच्या थापेतून तोच सा चाळीस-पन्नास माणसांच्या कानावर पडत राहतो. मागे टाळ धरून उभी राहणारी पोरं त्या साच्या आधारानेच चालीत शिरतात. पेटीवरची ‘काळी चार’ कुठली ते त्यांना दिसल्याशिवाय सांगता येणार नाही. त्याने काही अडत नाही.

आता सोवळ्यातला आक्षेप: पेटी कान बिघडवते. जुनाच आहे तो. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीवर बंदी घातली, ती उठायला १९७१ उजाडलं. आक्षेपात तथ्य आहे, पण सगळ्या पट्ट्यांबाबत सारखं नाही. सप्तकाचे १२०० भाग कल्पिले, तर नैसर्गिक पंचम ७०२व्या भागावर येतो आणि पेटीचा ७००व्या. हा फरक कुणाला बोचत नाही. गंधार मात्र ३८६ ऐवजी ४००वर. चौदा भाग चढा. म्हणजे पेटी टाकून द्यायची नाही, तिच्याकडे सा आणि प एवढंच मागायचं. भाता संथ ठेवून या दोन पट्ट्या धरायच्या आणि गंधार स्वतःच्या गळ्यातून लावायचा. पहिले काही दिवस आवाज थरथरतो, वरखाली होतो. मग एखाद्या सकाळी तो दोन्ही स्वरांत असा विरघळतो, की आपण गातोय की पेटीच वाजतेय ते कळेनासं होतं.

नेमकं तेव्हा गंधाराची पट्टी दाबावी. शिकणारा मुलगा तोंड वाकडं करतो आणि म्हणतो, “ही जरा वर हाय.”