दाखविलेला देश, पाहिलेला देश

गेल्या वर्षी जून महिन्यात आम्ही उभयतां आयर्लंडची सहल करून आलो. हे वाक्य लिहिताना माझी लेखणी थोडी अडखळते. 'सहल करून आलो' म्हणावे, की 'सहल करवून आणली गेली' म्हणावे? पुण्यातील एका प्रवासी कंपनीने चाळीस माणसांचा गट जमविला, आठ दिवसांचा कार्यक्रम छापून हाती दिला आणि त्या छापील कागदाबरहुकूम आम्हांला डब्लिन, गॉलवे, कॉनेमारा, मोहरचे कडे, किलार्नी, ब्लार्नी, कोव्ह आणि पुन्हा डब्लिन असे फिरवून परत आणले. सामान हरवले नाही, कोणी आजारी पडले नाही, रोज रात्री डाळभात मिळाला. तक्रारीला जागा नाही, आणि कंपनीचे नाव घेण्याचेही कारण नाही. तरीही गेले वर्षभर एक विचार मनात घोळतो आहे आणि तो आपल्या महाविद्यालयाच्या वार्षिकाच्या वाचकांपुढे मांडावा असे वाटते, कारण त्याचा संबंध आयर्लंडपेक्षा आपल्याशीच अधिक आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. 'कंपनीबरोबर जाऊन का कुठे देश पाहता येतो?' असे म्हणून नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. असे म्हणणाऱ्यांचे गुडघे बहुधा शाबूत असतात आणि इंग्रजी अस्खलित असते. ज्याने उभ्या आयुष्यात विमान पाहिले ते आकाशात, अशा माणसाला परदेशाची वाट या गटसहलींनीच मोकळी करून दिली. शिवाय एकट्याने फिरणारे तरी काय वेगळे करतात? मोहरच्या कड्यांवर हातातील मोबाइलच्या भरवशावर आलेली कितीतरी तरुण मुले मी पाहिली. आमच्या गटातील काकांनी जेथे उभे राहून छायाचित्र काढले, तेथेच तीही उभी राहत होती. तेव्हा दोष गटाचा नाही आणि मार्गदर्शकाचाही नाही. मग तो कोणाचा, हेच मला सांगायचे आहे.

मी तीस वर्षे इतिहास शिकविला. आयर्लंड हा आमच्या विषयात नेहमी मागच्या दाराने येणारा देश. 'बहिष्कार' हे टिळकांच्या चतुःसूत्रीतील एक सूत्र. ज्या इंग्रजी शब्दाचा तो प्रतिशब्द, तो शब्द आयर्लंडच्या मेयो परगण्यातला. १८८० साली तेथील कुळांनी कॅप्टन बॉयकॉट नावाच्या जमीनदाराच्या कारभाऱ्याला वाळीत टाकले आणि त्याच्या नावाचाच शब्द झाला. 'होमरूल' हेही नाव तिकडचेच. लोकमान्यांनी बेळगावात २८ एप्रिल १९१६ रोजी होमरूल लीग स्थापन केली, त्याच आठवड्यात डब्लिनमध्ये ईस्टरचा उठाव चालू होता. आपल्या राज्यघटनेतील मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना १९३७ च्या आयरिश घटनेवरून घेतली, हे तर राज्यशास्त्राचा प्रथम वर्षाचा विद्यार्थीही परीक्षेत लिहितो. एवढी शिदोरी घेऊन मी निघालो होतो. आपल्याला आयर्लंड ठाऊक आहे, अशी माझी समजूत होती.

छापील कार्यक्रमात दोन प्रकारची क्रियापदे होती. काही स्थळांपुढे 'पाहणे' असे होते आणि काहींपुढे 'बाहेरून पाहणे'. डब्लिनमधील प्रसिद्ध गिनेसच्या मद्यनिर्मितीच्या जागी दीड तास होता. ही जागा म्हणे १७५९ साली ९००० वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली गेली. आमच्या गटातील निम्मी मंडळी माळकरी, पण दीड तास तेथेच गेला. ज्या टपाल कचेरीसमोर १९१६ साली प्रजासत्ताकाची घोषणा झाली, ती मात्र 'बाहेरून', म्हणजे बसच्या काचेतून. आणि किल्मेनहॅमचा तुरुंग कार्यक्रमात नव्हताच. मी सहलव्यवस्थापकाला विचारले, तेव्हा तो अतिशय नम्रपणे म्हणाला, "सर, तुरुंग बघायला कोणी पैसे देत नाही हो." त्या बिचाऱ्याचे तरी काय चुकले?

गटाला खरा हुरूप आला तो दोन वेळा. मालवण तालुक्यातल्या वराड गावच्या वडिलांचा मुलगा, लिओ वराडकर, २०१७ साली या देशाचा पंतप्रधान झाला होता, हे बसमध्ये सांगितले गेले तेव्हा टाळ्या पडल्या. दुसऱ्यांदा ब्लार्नीच्या किल्ल्यावर. तेथे एका दगडाचे उलटे लवून चुंबन घेतले की वाक्चातुर्य अंगी येते असा समज आहे. आमच्या गटाला त्याची गरज होती असे मला वाटले नाही, पण रांगेत सर्वजण उभे राहिले.

या गटात बीडकडच्या एक बाई होत्या. मुलगा पुण्यात नोकरीला. त्याने आईला हौसेने पाठविले होते. सगळे त्यांना 'मावशी' म्हणत. मावशींना इंग्रजी येत नव्हते. त्या खिडकीशी बसून राहत, फारसे बोलत नसत. 'यांना काय कळणार आयर्लंड?' असा विचार माझ्या मनात आला होता, हे आज कबूल करतो. तीन दिवस मी त्यांच्या मागच्याच आसनावर बसलो होतो आणि मार्गदर्शकाचे एक वाक्यही मी त्यांना मराठीत सांगितले नव्हते.

चौथ्या दिवशी कॉनेमारातून जाताना किलरी नावाच्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्याशी बस थांबली. दोन्ही बाजूंना हिरवेगार डोंगर, मध्ये काळसर पाणी. समोरच्या उतारावर वरपासून खालपर्यंत हिरवे पट्टे दिसत होते, कोणी फणी फिरवावी तसे. "काय सुंदर डिझाइन आहे!" कोणीतरी म्हणाले आणि मोबाइल बाहेर निघाले. मावशी मात्र माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "सर, हे सरी-वरंबे हायेत की! एवढ्या चढावर कुणी केलते?"

मी चपापलो. आमचा बसचालक हाच मार्गदर्शक होता, साठीचा आयरिश गृहस्थ. तो नेमके हेच सांगत होता. हे बटाट्याचे वाफे. सपाट चांगली जमीन जमीनदारांची, म्हणून गरीब कुळे डोंगर चढून बटाटा लावीत. १८४५ साली बटाट्यावर रोग पडला आणि पुढे तो पुन्हा पुन्हा येत राहिला. १८५२ पर्यंत सुमारे दहा लाख माणसे मेली, त्याहून अधिक देश सोडून गेली. ज्यांनी हे वाफे घातले ती माणसे परत आलीच नाहीत. नंतर कोणी ही जमीन उकरली नाही, म्हणून वाफे तसेच राहिले. १८४१ साली या बेटाची लोकसंख्या सुमारे ८२ लाख होती. आजही ती त्या आकड्याला पोहोचलेली नाही.

सहलव्यवस्थापकाने याचे मराठी केले ते असे : "इथे पूर्वी दुष्काळ पडला होता. पंधरा मिनिटे फोटोसाठी."

मी मावशींना सगळे सांगितले. "करपा पडला म्हना की," त्या म्हणाल्या. मग विचारले, "सरकारनं काय केलं?" हा प्रश्न माझ्या चाळीस सहप्रवाशांपैकी दुसऱ्या कोणी विचारला नव्हता, मीही नाही. मी चालकाला विचारले. तो आमच्याजवळ येऊन उभा राहिला आणि बोलू लागला. अमेरिकेतून मका आणला गेला. तो लोकांना पचेना, लोक त्याला गंधक म्हणून हिणवीत. मग कामे काढली. उपाशी माणसांनी खडी फोडायची आणि रस्ते करायचे. मजुरी इतकी तुटपुंजी की तिच्यात पोट भरेना. काही रस्ते कुठेच जात नाहीत, डोंगरात मध्येच संपतात. पुढे १८४७ साली ती कामे बंद करून सूपची अन्नछत्रे काढली. त्या उन्हाळ्यात रोज सुमारे तीस लाख माणसे त्यांवर जगत होती. काही महिन्यांत तीही बंद झाली. आणि या सर्व काळात देशातून धान्य बाहेर जातच होते.

मी मराठीत सांगत गेलो. मावशी उताराकडे पाहत होत्या. "आमच्यात मिलो आला होता," त्या म्हणाल्या. "बहात्तरला. मी बारा वर्षांची. आईसंगं खडी फोडाया जात व्हते. सुकडी मिळायची." थोड्या वेळाने म्हणाल्या, "पर आमचं तळं झालं. त्यात अजून पानी हाय."

१९७२ साली मी दहा वर्षांचा होतो, साताऱ्यात. रेशनवर मिलो येई आणि त्याची लालसर भाकरी मी ताटात तशीच ठेवी, एवढीच माझी त्या दुष्काळाची आठवण. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती, त्यातूनच पुढे १९७७ चा रोजगार हमीचा कायदा झाला, हे मी वर्गात शिकविले आहे. पण त्या पन्नास लाखांतील एक माझ्यापुढच्या आसनावर बसली आहे, हे मला कळायला आयर्लंडला जावे लागले. पंधरा मिनिटे संपली. चालकाने कोणाला न विचारता आणखी दहा मिनिटे बस उभी ठेवली.

शेवटच्या दिवशी डब्लिनमध्ये दुपार मोकळी होती, म्हणजे खरेदीसाठी. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने किल्मेनहॅमची दोन तिकिटे घरबसल्या काढून दिली होती. सौभाग्यवतींचे गुडघे दुखत होते. त्यांनी आपले तिकीट मावशींना दिले. ट्रामने आणि मग थोडे पायी आम्ही दोघे गेलो. गंमत अशी, की हा तुरुंगही एकट्याने पाहता येत नाही. तेथेही गटच, तेथेही मार्गदर्शक! एक तरुण मुलगी आम्हांला घेऊन फिरली. तिने सांगितले, की दुष्काळात हा तुरुंग खच्चून भरला होता, कारण आत निदान काही खायला मिळे म्हणून लोक मुद्दाम किरकोळ गुन्हे करीत. शेवटी तिने आम्हांला उंच भिंतींच्या एका आवारात आणले. ३ ते १२ मे १९१६ या दिवसांत उठावाच्या चौदा पुढाऱ्यांना येथे गोळ्या घातल्या. पहिल्यांत पॅट्रिक पिअर्स होता, शाळामास्तर आणि कवी. शेवटच्यांत जेम्स कॉनली. जखमेमुळे उभे राहता येत नव्हते, म्हणून त्याला खुर्चीवर बसवून मारले. दोन टोकांना दोन साधे क्रूस आहेत. एवढे सांगून ती मुलगी गप्प झाली. बराच वेळ कोणी काही बोलले नाही, कोणी मोबाइलही काढला नाही.

या आवाराचे नाव 'खडी फोडण्याचे आवार' असे आहे. कैद्यांकडून तेथे खडी फोडून घेत. मी मावशींना नावाचा अर्थ सांगितला. त्यांनी नुसती मान हलविली.

तेव्हा गट तोच, मार्गदर्शकही तसाच. मग फरक कुठे पडला? दोन गोष्टींनी पडला असे मला वाटते. एक, तेथे थांबायला वेळ होता. दुसरे, पाहणाऱ्याजवळ विचारण्यासारखा प्रश्न होता. प्रश्न घरून न्यावा लागतो. तो कंपनीच्या दरात समाविष्ट नसतो. आणि तो पुस्तकातूनच येतो असेही नाही. माझ्याजवळ पुस्तके होती, मावशींजवळ प्रश्न होता. मला बहिष्कार आणि होमरूल ठाऊक होते, पण हिरव्या पट्ट्यांचे वाफे मला दिसले नाहीत.

हे सारे येथे लिहिण्याचे कारण आपली वार्षिक सहल. मी निवृत्त असूनही मुले मला प्रेमाने नेतात, म्हणून बोलण्याचा हक्क घेतो. मागच्या खेपेला आपण एका दिवसात वेरूळ, देवगिरी, बीबीचा मकबरा आणि पाणचक्की 'केली'. कैलास लेण्यापुढे चाळीस मिनिटे होती, त्यातील वीस गटाचे छायाचित्र काढण्यात गेली. आयर्लंडच्या कंपनीला नावे ठेवताना मला हे आठवत राहिले. छापील कार्यक्रम तर आम्हीच केला होता!

माझ्या सूचना साध्या आहेत. एका दिवशी एकच स्थळ ठेवावे. प्रत्येक विद्यार्थ्याने निघण्यापूर्वी त्या स्थळाविषयी एक प्रश्न लिहून आणावा. उत्तर नको, प्रश्न आणावा. आणि कार्यक्रमात 'बाहेरून पाहणे' हे क्रियापद असू नये. स्थळे कमी झाली तर मुले येणार नाहीत, वर्गणी जमणार नाही, असे सहल समितीतील माझे तरुण सहकारी म्हणतील. पहिल्या वर्षी कदाचित तसे होईलही. मला वाटते, तो धोका पत्करावा.

आणखी एक. यंदा लांब जायचेच असेल तर जावे, पण एक दिवस आपल्याच जिल्ह्यासाठी राखावा. बहात्तरच्या दुष्काळात झालेला एखादा पाझर तलाव निवडावा आणि त्या गावात जाऊन विचारावे, की हे तळे कोणी बांधले. त्या कामावर टोपल्या वाहणारी मुले आज साठी ओलांडून गेली आहेत आणि त्यांचे आईबाप बहुतेक राहिले नाहीत. किलरीच्या उतारावर वाफे घालणाऱ्यांना विचारण्याची सोय आता उरलेली नाही. आपल्याकडे ती अजून काही वर्षे आहे.