प्रबंधाला नियमांचा पहारा, लेखनाच्या सवयीला वाली नाही

नवी दिल्ली : पीएच.डी.ची मुदत संपत आली की विद्यापीठांच्या वसतिगृहांत उत्तररात्रीपर्यंत दिवे जळू लागतात. आधीची चार-पाच वर्षे संदर्भ, टिपणे आणि आकडेवारी जमवण्यात गेलेली असतात. प्रत्यक्ष लेखन अखेरच्या काही महिन्यांवर ढकललेले असते. या घाईत प्रकृती बिघडते, मजकुराचा दर्जा घसरतो आणि उसनवारीचा मोह बळावतो. देशातील संशोधनाच्या दर्जाची चर्चा मात्र नियतकालिकांच्या याद्या आणि साम्याची टक्केवारी यांभोवतीच फिरत राहिली आहे.

नियमांची वाण नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीनुसार प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य आढळल्यास शिक्षा होत नाही. १० ते ४० टक्के साम्य असल्यास सहा महिन्यांत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, ४० ते ६० टक्क्यांपर्यंत वर्षभर मनाई होते आणि त्यापुढे नोंदणीच रद्द होते. सलग चौदा शब्दांपर्यंतचे सर्वसाधारण साम्य मोजणीतून वगळावे, इतका तपशील त्यात आहे. नियतकालिकांची ‘यूजीसी-केअर’ यादी, जिचे काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील कक्षातून चालत असे, आयोगाने फेब्रुवारी २०२५मध्ये बंद केली आणि पारख करण्याची जबाबदारी संस्थांवर सोपवली.

ही सारी व्यवस्था लिहून झालेल्या मजकुराकडे पाहते. तो मजकूर कसा आणि केव्हा लिहिला गेला, याची विचारणा ती करत नाही. आयोगाने २०२२च्या पीएच.डी. नियमावलीत प्रबंधापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती काढून टाकली. सुमार नियतकालिकांचा बाजार पाहता तो निर्णय योग्यच होता. तथापि, त्याबरोबर विद्यार्थ्याला मधल्या काळात परक्या वाचकासाठी काही लिहून पूर्ण करावे लागे, तो एकमेव प्रसंगही गेला. त्याच्या जागी दुसरे काही आले नाही.

लेखन लांबणीवर टाकण्याची किंमत रुपयांतही मोजता येते. प्रबंधासाठी किमान तीन आणि कमाल सहा वर्षांची मुदत आहे. पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षे मिळू शकतात. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मात्र एकूण पाच वर्षांचीच असते. जानेवारी २०२३पासून ती पहिली दोन वर्षे दरमहा ३७ हजार आणि त्यानंतर ४२ हजार रुपये इतकी आहे. म्हणजे ज्या सहाव्या वर्षी बहुतांश लेखन उरकायचे असते, त्याच वर्षी हाती पैसा नसतो. ज्यांना अधिछात्रवृत्तीच नाही, त्यांची ओढाताण तर पहिल्या वर्षापासून सुरू होते.

वाचन हे लेखन टाळण्याचे सर्वांत प्रतिष्ठित निमित्त आहे. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेमुळे २०२५पासून सरकारी उच्च शिक्षण संस्थांना सुमारे १३ हजार नियतकालिके खुली झाली. ही सोय मोलाची आहे. पण “अजून थोडे वाचायचे राहिले आहे” हे वाक्यही तिच्यामुळे कायमचे खरे ठरले आहे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइस यांनी प्राध्यापकांच्या छोट्या गटांवरील अभ्यासातून थोडे पण नियमित लेखन श्रेयस्कर असल्याचे मांडले होते. मनाची लहर येण्याची वाट पाहणारे मागे पडतात, हा त्यांचा निष्कर्ष. पॉल सिल्विया यांच्या २००७मधील पुस्तकाने हाच आग्रह वेळापत्रकाच्या रूपात लोकप्रिय केला. हेलन सोर्ड यांनी २०१७मध्ये त्याला मुरड घातली. शंभर नामवंत अभ्यासकांशी बोलल्यावर त्यांना आढळले की अनेक यशस्वी लेखक रोज लिहीतच नाहीत. त्यामुळे पहाटे पाचला उठण्याचा उपदेश सर्वांना लागू पडत नाही. प्रयोगशाळेत दिवस घालवणाऱ्याची, तान्हे मूल सांभाळणाऱ्या विद्यार्थिनीची आणि नोकरी करून शिकणाऱ्याची घडी वेगवेगळीच बसणार. कच्चा मजकूर वेळीच दुसऱ्याच्या नजरेखाली जाणे मात्र तिघांच्याही हिताचे आहे.

त्यासाठी नव्या नियमाची गरज नाही. प्रत्येक सत्रात विद्यार्थ्याने संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी, असे २०२२ची नियमावली सांगते. संशोधन विषयाशी निगडित लेखनाच्या प्रशिक्षणाचाही तीत उल्लेख आहे. व्यवहारात हे सादरीकरण बऱ्याच ठिकाणी काही स्लाइड आणि एका सहीपुरते उरते. समितीने स्लाइडऐवजी दर सत्राला वीस-पंचवीस लिहिलेली पाने मागितली, तर सहा वर्षांत अशा बारा संधी मिळतात. पाने कच्ची असली तरी चालतील. मार्गदर्शकाला विचाराची दिशा दिसेल आणि चूक दुसऱ्या वर्षीच सापडेल.

अडचण मार्गदर्शकांच्या बाजूनेही आहे. नियमानुसार प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी असू शकतात. अध्यापन, परीक्षा आणि समित्यांच्या कामांतून आठ जणांचे लेखन वाचायचे, तर ते थोडे थोडे यायला हवे. पाचव्या वर्षाच्या अखेरीस तीनशे पाने एकदम टेबलावर आली, तर त्यांवरील शेरे विद्यार्थ्याच्या हाती पडेपर्यंत अधिछात्रवृत्तीचा शेवटचा हप्ता जमा होऊन खर्चही झालेला असतो.