नावाचे विद्यापीठ की हक्काचे विद्यापीठ?

बारावीचा निकाल लागला, सीईटीचे गुण हाती आले की आमच्या वस्त्यावस्त्यांतून एकच प्रश्न फिरू लागतो : पोराला कुठे घालायचे? गेल्या आठवड्यात आमच्या कार्यालयात एक सफाई कामगार आले. मुलगी हुशार. त्यांच्या हातात दोन कागद होते. एका कागदावर पुण्याजवळच्या एका खाजगी विद्यापीठात कॉम्प्युटरचा प्रवेश, फी वर्षाला तीन लाखांवर. दुसऱ्यावर केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून मिळालेली लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठातील केमिकलची जागा. नातेवाईक म्हणत होते, "कॉम्प्युटरच घ्या, कर्ज काढा!" बाप आम्हाला विचारत होता, "साहेब, काय करू?"

आम्ही त्यांना उलट एकच प्रश्न विचारला. त्या खाजगी विद्यापीठात फ्रीशिप आहे का? त्यांना ठाऊक नव्हते. प्रवेश देणाऱ्या बाईंनी "स्कॉलरशिपचे नंतर बघू" असे सांगून पंचवीस हजार भरून घेतले होते!

येथेच आमचा समाज फसतो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला राज्याकडून शिक्षण व परीक्षा शुल्काची माफी मिळते ती केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राऊंडमधून आलेल्या प्रवेशाला. खाजगी विद्यापीठ सीईटीचे गुण खुशाल विचारते, पण प्रवेश स्वतःच्या दारात देते. ते स्वयंअर्थसहाय्यित, म्हणून फ्रीशिपचे दार तेथे बंद. खाजगी कॉलेजातली मॅनेजमेंट कोट्याची जागासुद्धा त्याच माळेतली.

जरा इतिहास बघा. 2005 साली इनामदार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित कॉलेजांवर सरकारला आरक्षण लादता येणार नाही असा निकाल दिला. त्यावर संसदेने 93 वी घटनादुरुस्ती केली, कलम 15(5) आले आणि 2006 साली महाराष्ट्राने खाजगी व्यावसायिक कॉलेजांसाठी आरक्षणाचा कायदा केला. एवढी लढाई कशासाठी झाली? आमच्या पोरांना कॅपमधून, फी न भरता आत जाता यावे म्हणून. आणि आता शिक्षणसम्राट 'विद्यापीठ' अशी पाटी लावून त्या रांगेतूनच बाहेर पडत आहेत. जाहिरातीत प्लेसमेंटचे आकडे ठळक. आमच्यासाठी जागा किती आणि माफी किती, ते बारीक अक्षरातही नाही. हे अज्ञान नव्हे, हा धंदा आहे.

अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती 1944 साली सुरू झाली, बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. शिष्यवृत्ती म्हणजे काय हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. 1917 साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून. परत लंडन गाठायला 1920 साल उजाडले.

लोणेरे म्हणजे सगळे सोन्याचे, असे आम्ही म्हणत नाही. त्या विद्यापीठाशी संलग्न कॉलेजे आता राज्यभर आहेत. पदवीवर नाव तेच, पण आवारातले शिक्षण निराळे आणि एखाद्या तालुक्याच्या कॉलेजातले निराळे. कॅपच्या यादीत कोणता संकेतांक भरला ते डोळे उघडून बघावे. या बापाच्या लेकीची जागा मूळ आवारातली होती, माणगावच्या पुढे, महाडच्या अलीकडे.

केमिकलपेक्षा कॉम्प्युटरला नोकऱ्या जास्त, हे आम्हालाही कळते. पण चार वर्षांत बारा लाखांचे कर्ज आणि त्यावरचे व्याज डोक्यावर घेऊन निघालेली मुलगी पहिली मिळेल ती नोकरी धरते. तिला एम.टेक. करायचे स्वप्न बघता येत नाही, स्पर्धा परीक्षेला दोन वर्षे देता येत नाहीत. मुलीला मात्र कुणीच विचारले नव्हते! आम्ही विचारले. ती म्हणाली, "मला गणित आवडते, शाखा कुठलीही चालेल. बाबांनी सोसायटीचे कर्ज अजून फेडलेले नाही."

खर्च लोणेऱ्यातही आहे. पगार अडीच लाखांच्या वर असल्याने फ्रीशिप मिळेल, निर्वाह भत्ता नाही, स्वाधार योजनाही नाही. वसतिगृह आणि खाणावळ खिशातूनच. तेवढे आपण ओढू, असे बाप म्हणाला.

मग आम्ही विचारले, जातपडताळणी झाली का? बाप गप्प. जातीचा दाखला आहे, वैधता प्रमाणपत्र नाही! त्यावाचून राखीव जागाही हातची जाते. अकरावीतच करायचे काम ऐन प्रवेशाच्या तोंडावर आले. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला गावच्या शाळेत आहे, एवढेच त्यांना आठवले. ते त्याच रात्रीच्या एसटीने गावी गेले. पंचवीस हजार परत मागणारा अर्ज आम्ही त्यांना लिहून दिला आहे.