संपादकीय : नाव माझं, कविता कुणाची?

मागच्या अंकात आम्ही एक गुन्हा केला. म्हणजे मीच केला. 'आम्ही' लिहून लपायचं कशाला?

बोईसरच्या एका वारली पोरानं कविता पाठवली होती. दिवसा तारापूर एमआयडीसीत ठेकेदाराकडं ड्रम उचलतो, रात्री लिहितो. त्याच्या भाषेत. मी ती 'सुधारली'. क्रियापदांना शाळेतल्या शेपट्या लावल्या, चार शब्द कळले नाहीत ते उडवले, आणि छापली. अंक घेऊन तो पालघर स्टेशनवर भेटला. म्हणाला, "दादा, नाव माझं आहे. कविता कुणाची?"

मी गप्प. गोदीत पाठीवर पोतं पडलं तरी माणूस शिवी देऊन उठतो. इथं शिवी द्यायलाही तोंड नव्हतं.

त्या दिवसांत मी गणेश देवींविषयी वाचत होतो. १९५० साली भोरला जन्म. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात आणि इंग्लंडात लीड्सला शिक्षण. बडोद्याच्या विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक. 'आफ्टर अ‍ॅम्नेशिया' या १९९२ च्या पुस्तकाला साहित्य अकादमी. इंग्रजी, मराठी, गुजराती, तिन्हींत लेखन. अशा माणसाचं पुढं काय होतं ते आपल्याला पाठ आहे : परिसंवाद, विमान, 'जागतिक साहित्य', समित्या. या माणसानं १९९६ साली नोकरी सोडली, 'भाषा' नावाची संस्था काढली आणि तेजगढच्या राठवा आदिवासींत जाऊन काम मांडलं. 'ढोल' नावाचं नियतकालिक काढलं. आदिवासींच्या भाषांत.

आणि मी इकडं कविता दुरुस्त करत बसलेलो!

सरकारचा हिशोब बघा. १९६१ च्या जनगणनेत १६५२ मातृभाषांची नोंद झाली. १९७१ ला कात्री लागली : दहा हजारांच्या वर बोलणारे असतील त्याच भाषेला यादीत जागा, बाकी सगळ्या 'इतर'. म्हणजे नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव माणसं बोलत असली तरी मुकी. भाषांनाही गावकूस असतं. आपल्याला नवं नाही हे.

ग्रिअर्सन साहेबानं मराठीचा खंड काढला १९०५ साली. त्यात वारली आहे, कातकरी आहे, वाडवळी आहे. पण नमुना म्हणून ठरलेली गोष्ट होती बायबलातल्या उधळ्या पोराची. वारल्याला कुणी विचारलं नाही, की बाबा, तुझी गोष्ट कोणती? २०१० पासून देवींनी लोकांकडूनच भाषांची पाहणी करून घेतली, तिच्यात ७८० भाषा नोंदल्या गेल्या. महाराष्ट्राचा खंड अरुण जाखड्यांनी संपादला. या पाहणीत त्या त्या भाषेतली गाणी, गोष्टी, नात्यांचे आणि रंगांचे शब्द मागितले. फरक एवढाच, पण केवढा!

नुसता शब्दांचा सोस नव्हता. १९९८ साली पुरुलियात बुधन शबर कोठडीत मेला. तेव्हा महाश्वेतादेवी, आपले 'उचल्या'वाले लक्ष्मण गायकवाड आणि देवी, तिघं मिळून भटक्या-विमुक्तांच्या हक्कांसाठी उभे राहिले.

तरी आमचं भांडण आहे. देवी म्हणतात इंग्रजी राजवटीनं आपल्याला स्मृतिभ्रंश झाला, भाषांची परंपरा विसरली गेली. कुणाची? आमच्या पणज्याला परंपरा विसरायची सोय नव्हती. गळ्यात मडकं होऊन लटकत होती ती. बाबासाहेबांनी 'मूकनायक' मराठीत काढला आणि जातीच्या उच्छेदाचं भाषण इंग्रजीत लिहिलं. इंग्रजी ही आम्हाला पळवाट नाही, दरवाजा आहे. आणि भाषा वाचवा म्हणणाऱ्यांनी हेही सांगावं, की जमीन गेल्यावर भाषा राहणार कुठं? तारापूरच्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी-पोफरणची गावं उठली. वाढवण बंदराची पायाभरणी २०२४ ला झाली. गाव नकाशातून गेलं की गावातल्या दगडाचं, खाडीचं, वाऱ्याचं नावही जातं. खंड छापून ते परत येत नाही.

माझ्या गोदीतला बिहारी हमाल चार भाषांत भाव करतो, पाचवीत शिव्या देतो. त्याला म्हणतात अडाणी. प्राध्यापकानं तेच केलं की बहुभाषिक! 'गोलपिठा' आला १९७२ ला. प्रस्तावनेत तेंडुलकरांनी आपल्याला न कळलेल्या शब्दांची कबुली दिली. एवढा मोठा नाटककार कबूल करतो आणि मी दहावीच्या व्याकरणावर मस्ती करतो.

त्या पोराची कविता या अंकात पुन्हा छापली आहे. जशी आली तशी. तळाला शब्दार्थ दिलेले नाहीत. तो म्हणाला नको, विचारायला या. पुढच्या अंकासाठी वारली, काथोडी, मांगेली, भोजपुरी, उडिया, ज्याला जे येतं त्यात पाठवा. लिपी जमत नसेल तर येऊन बोला, आम्ही उतरवून घेऊ आणि छापण्याआधी तुम्हालाच वाचून दाखवू.

जय भीम.