पाइप सरकतो, जॅकवेल सरकत नाही



उन्हाळ्यात निमगाव गांगर्ड्याला सीना धरणाच्या काठानं चक्कर मारा. पाणी आत गेलं की आपण शेतकरी दोन पाइप वाढवतो, मोटार पुढं नेतो. अजून आटलं की जेसीबी लावून चर खोदतो. पण पिण्याच्या पाण्याची जॅकवेल जिथं बांधली तिथंच राहते. तिला पाण्यामागं पळता येत नाही. मग पंप गाळ ओढतो आणि गावात नळ कोरडे.

खोटं कशाला बोलू, अशा चरीला मीही वर्गणी दिली आहे. लिंबाची बाग डोळ्यांदेखत वाळत होती. अन् त्याच आठवड्यात घरच्यांसाठी टँकर विकत घेतला. म्हणजे स्वतःच्याच घोटातलं पाणी बागेला दिलं आणि पैसे मोजून परत आणलं.

साधा हिशोब करा. जलजीवन मिशननं माणशी रोज ५५ लिटर धरलंय. पाच एचपीची मोटार कमी उंचीवर तासाला तीस हजार लिटर सहज उपसते. म्हणजे एका तासात जवळपास ५४५ माणसांचं दिवसाचं पाणी!

धरण २४०० दशलक्ष घनफुटांचं. पावसानं दगा दिला की आपली नजर भोसे खिंडीतून येणाऱ्या कुकडीच्या पाण्याकडं. आवर्तनासाठी भांडायलाच पाहिजे. पण आलेलं पाणी राखायचं कुणी? सरकारी माणसानं येऊन मोटारी बंद करायच्या, मग आपण रात्री चालू करायच्या, हे किती वर्षं चालणार?

आपल्याच जिल्ह्यातलं हिवरे बाजार बघा. ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात, आधी माणसाजनावरांचं पाणी बाजूला काढतात, उरेल त्यावर पिकं ठरवतात. शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी त्यांनी स्वतःच घातली.

माझं म्हणणं एवढंच. जॅकवेलच्या भिंतीवर लाल रेघ मारा. पाणी रेघेला टेकलं की काठावरच्या सगळ्या मोटारी बंद, माझी पहिली. जॅकवेलच्या तोंडाशी कुणीही चर खोदायची नाही. तिथला गाळ पावसाळ्याआधी काढायचा. ज्या गावांचं पाणी विहिरीवर आहे, त्यांनी सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत विनापरवानगी नवी विहीर, बोअर होऊ द्यायची नाही. कायदा तेच सांगतो. आणि हे सगळं दिवाळीच्या आसपास, धरणात पाणी असतानाच ठरवा. एप्रिलमध्ये कुणी कुणाचं ऐकत नाही, मीसुद्धा ऐकलं नव्हतं.

बाग गेली तर पुन्हा लावता येते, दुःख होतं पण येते. प्यायला पाणी नसलं तर गावच सोडावं लागतं.

काठावर मोटार असणाऱ्यांनी आधी बोला. पटत नसेल तर तेही लिहा.