टारफुला दिसतो तेव्हा ज्वारी गेलेली असते



ज्वारीच्या वावरात टारफुला कसा येतो हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पाऊस झालेला असतो, डवरणी वेळेवर झालेली असते, तरी ताटे पिवळी पडू लागतात, वाढ खुंटते. आपण आधी खताला दोष देतो, मग बियाण्याला, शेवटी नशिबाला. खरा चोर जमिनीखाली मुळीला चिकटलेला असतो. त्याचे फूल वर दिसते तेव्हा खायचे ते खाऊन झालेले असते.

राज्यकारभारातही असा टारफुला असतो. या बैठकीच्या अंकात त्याच्याविषयी लिहिण्याचे निमित्त घरचेच आहे. मागच्या काही बैठकांत काही कार्यकर्त्यांनी मांडले, "मोर्चे, निवेदने, रास्ता रोको पुष्कळ झाले. आता आपलाही एक माणूस साहेबांच्या जवळ बसवा. त्याच्या एका शब्दाने होईल ते दहा हजारांच्या मेळाव्याने होत नाही." असे म्हणणारे प्रामाणिक आहेत, पण थकलेले आहेत. थकलेल्या माणसाला जवळची वाट गोड लागते. ती वाट कुठे जाते हे पाहिल्याशिवाय मात्र गाडी तिकडे हाकू नये.

हा 'जवळचा माणूस' असतो तरी कोण? तो निवडून आलेला नसतो. बहुतेक वेळा त्याला पद नसते, असले तर ते नावापुरते असते. कोणत्याही कागदावर त्याची सही सापडत नाही. तरी तालुक्याच्या गावापासून राजधानीपर्यंत सगळ्यांना ठाऊक असते की साहेबांना भेटून उपयोग नाही, 'त्यांना' भेटा. देवापेक्षा पुजारी मोठा होतो. नवस देवाला बोलायचा आणि नारळ पुजाऱ्याच्या घरी पोचवायचा.

याचे पीक नवे नाही. पुण्याचा शेवटचा पेशवा दुसरा बाजीराव १७९६ साली गादीवर आला आणि १८०२ साली वसईचा तह करून इंग्रजी फौजेच्या आसऱ्याला गेला. दरबारातल्या जुन्या मुत्सद्द्यांवर त्याचा विश्वास नव्हता. ज्याचा कोणावरच विश्वास नसतो, तो शेवटी एकाच माणसावर सगळा विश्वास टाकतो. तो माणूस होता त्रिंबकजी डेंगळे. जासुदाच्या हलक्या चाकरीतून तो वर आला. गरिबीतून वर आला हा त्याचा दोष नव्हे, त्याबद्दल त्याचे कौतुकच करावे. इंग्रजांचा तो कट्टर वैरी होता, म्हणून काही जण त्याला मानतात, तेही समजण्यासारखे आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. धन्याची मर्जी हीच ज्याची सनद, त्याच्या राज्यात कुणब्याचे काय झाले?

पूर्वी मामलतदार हा बहुधा माहितगार माणूस असे आणि वर्षानुवर्षे एकाच मुलखात राही. रयत जगली तर वसूल येईल एवढे त्याला कळत होते. बाजीरावाच्या काळात मामलती मक्त्याने दिल्या जाऊ लागल्या. एल्फिन्स्टनने १८१९ साली जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला, त्यात म्हटले आहे की पेशव्याच्या भोवतालच्या मंडळींत मामलतींचा जणू लिलाव होई. घेणारा त्या तुकड्या करून पुढच्याला देई, तो त्याच्या पुढच्याला, आणि शेवटी बोजा पाटलावर येई. पाटलाने मक्ता घेतला तर गाव पाटलाच्या तडाख्यात सापडे, नाकारला तर मामलतदाराची माणसे त्याहून निर्दयपणे वसुली करीत. एल्फिन्स्टन जिंकणारा होता, त्याचे म्हणणे आपण मीठ लावूनच घ्यावे. पण मक्त्याचा हा हिशेब खोटा नाही. दरबारात मर्जी विकत घेतली की तिची किंमत खळ्यावर वसूल होते, दुसरीकडून ती येणारच कुठून?

पुढची गोष्ट सर्वांना माहीत आहे. जुलै १८१५ मध्ये गायकवाडांचा वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन याचा पंढरपुरात खून झाला. इंग्रजांनी त्याच्या जिवाची हमी घेतली होती. संशय त्रिंबकजीवर आला. पेशव्याला आपला लाडका माणूस इंग्रजांच्या हवाली करावा लागला. १८१६ साली तो ठाण्याच्या किल्ल्यातून निसटला, १८१७ साली पेशव्यावर नवा तह लादला गेला आणि १८१८ साली राज्य बुडाले. बाजीराव सालीना आठ लाखांचे पेन्शन घेऊन बिठूरला गेला. त्रिंबकजी चुनारच्या किल्ल्यात कैदेत मेला. दोघांचा हिशेब इतिहासाने लिहून ठेवला. मक्त्याच्या वसुलीत ज्यांचे बैल गेले त्यांची नावे कुठेच नाहीत.

पुणे लांबचे वाटत असेल तर आपल्याच काळ्या मातीकडे येऊ. त्या काळात वऱ्हाड आणि मराठवाडा निजामाच्या राज्यात होते. गादीवर सिकंदरजाह, दिवाण नावापुरता, खरा कारभार पेशकार चंदूलालच्या हाती आणि चंदूलालच्या पाठीशी इंग्रज रेसिडेंट. इंग्रज अंमलदारांच्या हाताखालच्या फौजेचा पगार निजामाच्या खजिन्यातून जाई. खजिना पुरेना, म्हणून कर्ज. कर्ज देण्यासाठी १८१४ साली हैदराबादेत विल्यम पामर आणि कंपनी ही पेढी उभी राहिली.

परवानगीवाचून गोऱ्यांनी हिंदी राजांना कर्ज द्यायला इंग्रजी कायद्याने मनाई होती. १८१६ साली गव्हर्नर जनरलने या पेढीला खास सूट दिली. पेढीचा एक भागीदार होता सर विल्यम रम्बोल्ड. त्याची बायको गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज यांच्या पालकत्वाखाली वाढलेली, त्यांना मुलीसारखी. रम्बोल्डला सरकारात खुर्ची असण्याची गरजच नव्हती. हैदराबादेत सगळ्यांना नाते ठाऊक होते, तेवढे पुरे होते.

१८२० साली साठ लाखांचे मोठे कर्ज मंजूर झाले. कारणे दाखवली ती वाचा. चाकरांचे थकलेले पगार, देशी सावकारांची देणी आणि रयतेला तगाई. आपले नाव कर्जाच्या कागदावर कसे येते ते इथे दिसते. त्याच सुमारास चार्ल्स मेटकाफ हा नवा रेसिडेंट आला. त्याने वह्या पाहिल्या तेव्हा कळले की नव्या कर्जातला मोठा भाग जुन्याच देण्याची नव्या खात्यावर केलेली उतरण आहे. जुन्या कर्जांचे व्याज शेकडा चोवीसच्या घरात होते. परतफेडीसाठी महालांचा वसूल पेढीला लावून दिलेला. म्हणजे पीक रयतेचे, वसूल निजामाच्या नावाचा आणि रक्कम पेढीची.

मेटकाफ काही शेतकऱ्यांचा कैवारी म्हणून आला नव्हता. त्याने केले ते एवढेच की हिशेबाची वही मागितली. तेवढ्याने गव्हर्नर जनरलची त्याच्यावर खप्पा मर्जी झाली. अखेर १८२३ साली कंपनी सरकारने पेढीचे देणे भागवले, पण त्या बदल्यात उत्तर सरकार प्रांतापोटी निजामाला दरसाल मिळणारी सात लाखांची पेशकश कायमची गेली. १८२४ साली पेढी बुडाली. चंदूलाल मात्र १८४३ पर्यंत टिकला. मक्तेदारी आणि कर्जाचा तोच धंदा नव्या सावकारांशी चालू राहिला. १८५३ साली कंटिंजंट फौजेच्या थकबाकीपोटी वऱ्हाड इंग्रजांकडे लावून देण्यात आला. हे सारे एका पामरमुळे झाले असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या राज्यात वहीपेक्षा नाते मोठे, ते राज्य शेवटी गहाणच पडते.

ही राजेरजवाड्यांच्या काळातली गोष्ट झाली, आता मतदान आहे, असे कोणी म्हणेल. मग १९७५ ते १९७७ ची आणीबाणी आठवा. पंतप्रधानांचे पुत्र संजय गांधी यांच्याकडे सरकारातले कोणतेही पद नव्हते, तरी मुख्यमंत्री त्यांच्या शब्दासाठी ताटकळत. 'घटनाबाह्य सत्ताकेंद्र' हा शब्द तेव्हापासून आपल्या वर्तमानपत्रांत रुळला. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांवर नसबंद्या झाल्या, त्यांत जबरदस्तीच्या किती, ते खेड्यापाड्यांतल्या वडीलधाऱ्यांना विचारा. लोकांनी मत देऊन सरकार पाडले. पण ज्याच्या शब्दावर सगळे चालले होते त्याच्याकडून लेखी जाब मागायला पद कुठे होते?

आणि आपल्या कापसाचे घ्या. ५ मार्च २०१२ रोजी केंद्र सरकारने कापसाच्या निर्यातीवर एकाएकी बंदी घातली. खुद्द केंद्रीय कृषिमंत्र्यांनी जाहीरपणे सांगितले की आपल्याला विचारले नाही. आठवडाभरात सरकारला माघार घ्यावी लागली आणि आधी नोंदवलेल्या गाठींना वाट मोकळी करून द्यावी लागली. त्या आठ दिवसांत ज्याने गाडी भरून कापूस बाजारात नेला त्याला काय सोसावे लागले ते त्यालाच माहीत. कोणी कोणाच्या कानात काय सांगितले, हे आम्ही पुराव्यावाचून बोलणार नाही. पण ज्या पिकाचा निर्णय त्या पिकाच्या मंत्र्यालाच ठाऊक नसतो, तो निर्णय कुठल्या खोलीत झाला, हे विचारण्याचा हक्क कापूस पिकवणाऱ्याला आहे.

राज्यकर्त्याने सल्ला घेऊच नये असे आमचे म्हणणे नाही. शहाण्याने दहा जणांना विचारावे. प्रश्न एवढाच की सल्लागाराचे नाव, त्याचा सल्ला आणि त्यातला त्याचा लाभ उघड आहे की नाही. उघड असेल तर तो सल्लागार. झाकलेला असेल तर तो टारफुला, मग तो कितीही गोड बोलो.

राज्यकर्त्यालाही या माणसाची सोय असते हे विसरू नका. काम झाले तर श्रेय साहेबांचे, बिघडले तर 'आम्हाला माहीत नव्हते, खालच्यांनी केले'. म्हणून नुसता मर्जीतला माणूस हाकलून भागत नाही. एक गेला की दुसरा बसतो, कारण बसायची जागा साहेबांनीच राखून ठेवलेली असते.

आता आपल्या सूचनेकडे. आपला माणूस तिथे बसला तर काय होईल? पहिल्या वर्षी तो आपले गाऱ्हाणे साहेबांना सांगेल. दुसऱ्या वर्षी साहेबांची अडचण आपल्याला सांगू लागेल. तिसऱ्या वर्षी आपल्यातलेच लोक त्याच्या दारात बदलीसाठी, परवान्यासाठी, पोराच्या नोकरीसाठी उभे राहतील. मग भावाच्या प्रश्नावर मोर्चा काढायचा म्हटले की तोच निरोप पाठवील, 'जरा थांबा, आतून बोलणे चालू आहे.' एका माणसाच्या जवळिकीसाठी हजारोंचा आवाज गहाण पडेल. आणि त्याचे बोट सुटले त्या दिवशी आपण जिथे होतो तिथेही नसू, कारण रस्त्यावर यायची सवय मोडलेली असेल.

म्हणून या जिल्हा बैठकीपुढे आम्ही चार गोष्टी ठेवतो. त्यांवर मोकळेपणी बोला आणि ठराव करा.

पहिली, मंत्री किंवा अधिकारी यांच्याकडे कोणीही एकट्याने जायचे नाही. किमान तिघांनी जावे, त्यात एक मायबहीण असावी, आणि काय बोलणे झाले ते पुढच्या बैठकीत उभे राहून सांगावे.

दुसरी, तोंडी आश्वासन म्हणजे आश्वासन नव्हे. तारीख आणि सही असलेला कागद मिळेपर्यंत काम झाले असे गावात सांगायचे नाही.

तिसरी, २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातले चौथे कलम वाचून घ्या. महत्त्वाचे धोरण ठरवताना त्याबाबतची माहिती जाहीर करावी आणि ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्यांना कारणे सांगावीत, असे ते सरकारी कार्यालयांना बजावते. कापूस-ज्वारीच्या प्रत्येक निर्णयावर प्रत्येक तालुक्यातून एक अर्ज गेला पाहिजे. निर्णय कोणी सुचवला, फाइलवर काय लिहिले, सही कोणाची? मेटकाफने मागितली तीच वही आपण मागायची.

चौथी आणि सगळ्यांत अवघड. आपल्यातल्या कोणाच्याही घरी 'अमक्याला भेटा, काम होईल' असा दरबार भरू द्यायचा नाही. यात आम्हीही आलो. आमच्याकडूनही कधी चिठ्ठ्या दिल्या गेल्या आहेत. त्या यापुढे बंद.

टारफुल्याचे बी वर्षानुवर्षे मातीत पडून राहते, एका खुरपणीत ते संपत नाही. जाणता कास्तकार दोन गोष्टी करतो. फूल धरायच्या आत तो ते उपटतो आणि पुढच्या साली त्या वावरात कापूस घेतो. कापसाच्या मुळीला फसून बी उगवते, पण तिच्यावर त्याला जगता येत नाही. आपली संघटना अशी कापसासारखी झाली पाहिजे. कोणीही चिकटायला यावे, पण त्याला प्यायला रस मिळू नये.

बैठकीला येताना ठरावाचा मसुदा गावात वाचून या.